रंगीत तालीम



एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करतो. भारतात तुमच्या आईबाबांना सांभाळायला ज्या मावशी येतात, त्यांचा फोन नंबर तुमच्याकडे आहे का? ब्यूरोचा नाही, मावशींचा. त्या कुठे राहतात, कामावर कशा येतात, त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे माहीत आहे?

2020 च्या मार्चपर्यंत मला यातलं काहीही माहीत नव्हतं. माझ्या मोबाईलमध्ये दोन नोंदी होत्या, 'मावशी डे' आणि 'मावशी नाईट', आणि दोन्हींखाली नंबर एकच, ब्यूरोचा! त्या एका नंबरावर आमच्या घराचा सगळा डोलारा उभा होता. आता हे लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी मूळचा कोथरूडचा, पुण्यातच इंजिनिअरिंग केलं, 2014 पासून इथे दोह्यात आहे. सर्व्हर सांभाळणं हा पोटापाण्याचा उद्योग. 2018 साली बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते बिछान्यावरच. ज्यांनी असा पेशंट घरी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना मान उंच धरावी लागते, नाहीतर घास श्वासनळीत जातो. डायपर, स्पंजिंग, औषधं हे वेगळंच. एकट्या माणसाचं काम नाही. म्हणून ब्यूरोतून दोन मावशी, सकाळी आठ ते रात्री आठ एक आणि रात्री आठ ते सकाळी आठ दुसरी. पैसे मी इथून पाठवायचो आणि त्यातच आपलं कर्तव्य झालं असं समजायचो.

आता 2020 चा मार्च. 9 तारखेला पुण्यात पहिले रुग्ण सापडले आणि त्याच दिवसापासून कतारने भारतासकट चौदा देशांतून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला. म्हणजे गेलो तर परत येता येणार नाही, अशी अवस्था. 17 तारखेला इथल्या इंडस्ट्रियल एरियाचा बराच भाग सील झाला. 22 मार्चला भारतात जनता कर्फ्यू लागला, भारतात येणारी आंतरराष्ट्रीय विमानं त्याच दिवसापासून बंद झाली, आणि 25 पासून देशभर लॉकडाऊन. दिवसाच्या मावशी 21 लाच भोरकडे आपल्या गावी निघून गेल्या होत्या, मुलं तिकडे होती त्यांची. रात्रीच्या मावशींना 23 तारखेला सोसायटीच्या गेटवर अडवलं. बाहेरच्या कामवाल्यांना आत सोडायचं नाही असा ठराव झाला होता म्हणे. ब्यूरोला फोन लावला तर तो आधी एंगेज, मग स्वीच ऑफ.

आणि माझ्या ऑफिसात काय चाललं होतं? सगळं सुरळीत! कारण आम्ही वर्षातून दोनदा डीआर ड्रिल करतो. म्हणजे मुख्य डेटा सेंटर बंद पडलंय असं समजायचं आणि सगळा कारभार दुसऱ्या जागेवरून चालवून दाखवायचा. कोण कोणाला फोन करणार, पासवर्ड कोणाकडे, तो माणूस रजेवर असेल तर पुढचा कोण, हे सगळं कागदावर आणि करून पाहिलेलं. फेब्रुवारीतच एक ड्रिल झालं होतं. त्यामुळे 'घरून काम करा' असा आदेश आला तेव्हा दोन दिवसांत आमची गाडी रुळावर आली. मॅनेजरने सगळ्यांना शाबासकीची मेल पाठवली. ती मेल मी वाचत होतो तेव्हा पुण्यात माझी अडुसष्ट वर्षांची आई एकटी बाबांची कूस बदलत होती.

तेरा दिवस. 23 मार्च ते 4 एप्रिल.

तिला रात्री जाग यायची नाही, दमलेली असायची. मग आम्ही ठरवलं की मी फोन करायचा. माझे साडेआठ, साडेदहा, साडेबारा, अडीच आणि साडेचार, म्हणजे तिकडचे अकरा, एक, तीन, पाच आणि सात. मी फक्त "आई, कूस" एवढंच म्हणायचो. ती "हो रे" म्हणायची आणि फोन बाजूला ठेवून उठायची. फोन चालूच असायचा. पलंगाची करकर ऐकू यायची, बाबांचं कण्हणं, तिचा श्वास. मग परत "झालं रे, झोप आता." सर्व्हर बंद पडला तर तीन मिनिटांत सात जणांना अलर्ट जातो, आणि इथे अलर्टही मीच आणि बॅकअप कुणीच नाही. नवव्या दिवशी बाबांच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला, अकराव्या दिवशी कातडी गेली. आईची कंबर त्याआधीच धरली होती. ती बाबांना दंडाला धरून ओढायची, कारण दुसरी पद्धत तिला कुणी दाखवलीच नव्हती.

शेवटी रात्रीच्या मावशींनीच कुणाच्या तरी मोबाईलवरून आईला फोन केला. त्या भवानी पेठेत कासेवाडीत राहायच्या. "आजी, पासचं काहीतरी करा, मी येते," म्हणाल्या. पोलिसांच्या ऑनलाइन पासचा अर्ज मी दोह्यातून भरला. पहिला नामंजूर झाला, कारण मी कामाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिलं होतं. दुसऱ्यांदा 'रुग्णसेवा' लिहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, तेव्हा मिळाला. सोसायटीने अट घातली की आत आल्या तर बाहेर जायचं नाही. 4 एप्रिलला संध्याकाळी त्या आल्या आणि दोन-तीन दिवसांतच तो पेठांचा भाग सील झाला. मावशी आमच्याकडे सलग चोपन्न दिवस राहिल्या. बाबांची जखम त्यांनी भरून काढली. मी दूतावासाच्या यादीत नाव नोंदवलं होतं, 7 मे पासून 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली, पण आधी गरोदर बायका, आजारी माणसं, नोकरी गेलेले लोक. ते बरोबरच होतं. माझा नंबर लागला नाही.

या चोपन्न दिवसांत मी मावशींना रोज व्हिडिओवर पाहत होतो. "बाबा जेवले का? जखम कशी आहे?" एवढंच विचारायचो. त्यांच्या घरी कोण आहे हे एकदाही विचारलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे लागणार आहे.

बाबा 2022 साली गेले, घरीच, शांतपणे. गेल्या वर्षी आई घरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालते. त्याच ब्यूरोतून परत मावशी सुरू झाल्या. आणि माझ्या पोटात पुन्हा तोच गोळा. समजा उद्या परत साथ आली तर?

आता कुणी म्हणेल, कोरोना झाला, संपलं, शंभर वर्षांत एकदा येतं असं काहीतरी. पण फ्लूचा हिशोब वेगळा आहे. फ्लूच्या जागतिक साथी 1918, 1957, 1968 आणि 2009 साली आल्या. यांच्यामधली अंतरं पाहा, काही नियम दिसतो का? 2009 ची तर मी डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा मी कॉलेजात होतो. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू 3 ऑगस्टला पुण्यातच झाला, शाळकरी मुलगी होती. त्यानंतर नायडू हॉस्पिटलबाहेर लागलेल्या रांगा, मास्क मिळेनात म्हणून तोंडाला रुमाल बांधून फिरणारं अख्खं शहर, बंद शाळा आणि थिएटरं, पुणेकरांना आठवत असेलच. आणि 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लू सापडला. साथ येईलच असं कुणी म्हणत नाही, पण येणारच नाही असंही कुणी जाणकार म्हणत नाही.

मग मी वाचायला बसलो. (इंजिनिअरची खोड, दुसरं काय?) आणि लक्षात आलं की घरी जाऊन रुग्णसेवा देणाऱ्या संस्थांनी फ्लूच्या साथीची तालीम करावी हा विचार अजिबात नवा नाही. अमेरिकेत सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने 2008 सालीच यावर एक मोठा अहवाल काढला होता. त्याचं सार सांगायचं तर असं: साथीत हॉस्पिटलं भरणार, ती बऱ्यापैकी आजारी माणसांनाही घरी पाठवणार, म्हणजे सगळा भार घरच्या सेवेवर येणार. आणि नियोजनाच्या बैठकीला या लोकांना कुणी बोलावतच नाही! त्या काळातल्या अमेरिकन आराखड्यांत असंही गृहीत धरलं होतं की तीव्र साथीच्या ऐन भरात 40 टक्क्यांपर्यंत कर्मचारी कामावर येणार नाहीत. काही स्वतः आजारी, काही घरच्यांची शुश्रूषा करणारे, काही घाबरलेले. 2017 च्या नोव्हेंबरपासून तिथे सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या होम केअर संस्थांना आणीबाणीचा सराव बंधनकारक आहे, वर्षातून एक तरी.

यातला सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे टेबलटॉप. टेबलाभोवती बसायचं, एक जण गोष्ट सांगतो, "समजा आज सोमवार आहे आणि असं असं झालं," आणि प्रत्येकाने आपण काय करू ते बोलायचं. मग पुढची अडचण. मध्येच एखादा म्हणतो, "अरे, पण याची किल्ली तर तिच्याकडे असते!" त्या 'अरे'साठीच हा सगळा खटाटोप असतो. आम्ही कॉलेजात एकांकिका करायचो, मी बॅकस्टेजला. रंगीत तालमीतच कळायचं की दुसऱ्या प्रवेशात हिरोला शर्ट बदलायला वेळच उरत नाही. स्क्रिप्ट शंभर वेळा वाचून ते कळत नसे.

पण तालीम केली म्हणजे जिंकलं असंही नाही. ब्रिटनने 2016 च्या ऑक्टोबरमध्ये 'सिग्नस' नावाचा तीन दिवसांचा सराव घेतला होता, फ्लूच्याच साथीचा, साडेनऊशेच्या वर माणसं होती. त्यात स्वच्छ दिसलं होतं की देशाची तयारी अपुरी आहे आणि म्हाताऱ्यांची काळजी घेणारी यंत्रणा ताण सोसणार नाही. अहवाल तयार झाला. सरकारने तो लोकांसमोर ठेवला 2020 च्या ऑक्टोबरमध्ये, पहिली लाट येऊन गेल्यावर! अमेरिकेनेही 2019 साली 'क्रिमसन कंटेजन' नावाचा तसाच सराव केला होता. पुढचं आपण सगळ्यांनी पाहिलं. सापडलेली चूक दुरुस्त केली नाही तर सरावाचा अर्थ एवढाच उरतो की आपल्याला आधीपासून माहीत होतं.

इथे कतारमध्ये तालमीचं महत्त्व मी जवळून पाहिलं आहे. 2022 च्या वर्ल्ड कपच्या वर्षभर आधी यांनी अरब कप भरवला, स्टेडियम, मेट्रो, गर्दी, सगळ्याची खरीखुरी तालीम. इथे हमद मेडिकल कॉर्पोरेशनची रुग्णांच्या घरी जाणारी सेवा आहे, आणि 2020 मध्ये औषधं पोस्टाने घरपोच यायला लागली तेव्हा माझ्या बिल्डिंगमधल्या कितीतरी वयस्कर माणसांचे हेलपाटे वाचले. पण मला खरा धडा मिळाला तो शेजारच्या फ्लॅटमधल्या मल्याळी चेचीकडून. ती एका खाजगी होम नर्सिंग कंपनीत नर्स आहे. तिला म्हटलं, तुमची अर्धी माणसं आली नाहीत तर काय करता? तिने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. तिच्याकडच्या पेशंटांची यादी, तीन रंगांत. लाल म्हणजे आज जायलाच हवं. पिवळा म्हणजे उद्यापर्यंत चालेल. हिरवा म्हणजे फोनवर भागेल. "कंपनीने नाही सांगितलं, मीच बनवली," म्हणाली.

त्या कागदाचा फोटो काढून घेतला आणि डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला गेलो.

ब्यूरोच्या मॅडम आधी तयार नव्हत्या. "आम्हाला कसला सराव शिकवता? दोन हजार वीस काढलंय आम्ही," म्हणाल्या. खरं होतं ते. त्या लॉकडाऊनमध्ये त्या स्वतः आजारी होत्या, फोन बंद होता तो त्यामुळे, हे मला चार वर्षांनी कळलं. मी एवढंच म्हटलं की दोन तास द्या, येतील त्या मावशींची अर्ध्या दिवसाची हजेरी मी भरतो. मग त्या हो म्हणाल्या.

रविवारी दुपारी आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये जमलो. (हो, त्याच सोसायटीच्या. :-) ) नऊ मावशी, दोन मामा, मॅडम, रजिस्टर सांभाळणारा त्यांचा भाचा, आणखी दोन घरची माणसं, मी आणि वॉकर घेऊन आई. सतरा माणसं, चहा आणि बटाटेवडे. रात्रीच्या मावशीही होत्या, आमच्या चोपन्न दिवसांच्या.

पहिली चिठ्ठी मी वाचली. "जून महिना. नवा फ्लू आलाय, लस नाही. सोमवार, सकाळचे साडेसहा. तुमच्या 38 माणसांपैकी 15 जण येणार नाहीत असे फोन आलेत. पेशंट 26. कोणाला कुठे पाठवणार?"

भाचा म्हणाला, सगळ्यांकडे पाठवू. कसे? गप्प. मग चेचीचा प्रश्न विचारला: आज कुणीच गेलं नाही तर संध्याकाळपर्यंत कोणाचा जीव धोक्यात येईल? भाच्याने रजिस्टर उघडलं. त्यात पत्ता होता, रेट होता, कमिशन होतं, पेशंटला काय झालंय हेच नव्हतं! पण मावशी बोलायला लागल्या. "डहाणूकरच्या आजोबांच्या घशात नळी आहे, सक्शन लागतं, घरी फक्त आजी." "कर्वेनगरच्या काकूंना इन्शुलिन, त्यांना दिसत नाही." "माझ्या पेशंटला काही नाही हो, सोबत म्हणून ठेवलंय, सून घरूनच काम करते." वीस मिनिटांत 26 नावांपुढे रंग लागले. लाल सात, पिवळे अकरा, हिरवे आठ. मॅडम यादीकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं ब्यूरो चालवतात, पण ही माहिती अशी एका कागदावर त्यांनी कधी पाहिली नव्हती.

दुसरी चिठ्ठी मास्क आणि हातमोज्यांची. सगळ्या म्हणाल्या, ते येतं आम्हाला. म्हटलं, करून पाहू. मोज्यांना गुलाल फासला आणि सांगितलं, पेशंटचं काम केल्याची ॲक्टिंग करा आणि मोजे काढा. मग बघा गुलाल कुठे लागलाय. मनगटावर, हनुवटीवर, एकीच्या मंगळसूत्रावर, आणि अकराही जणांच्या मोबाईलवर! हसून हसून पुरेवाट झाली. पण नंतर एक मावशी मोबाईल पुसता पुसता म्हणाल्या, "हाच घरी जाऊन पोरगं घेतं हातात." मग कुणी हसलं नाही. मोजा आतून बाहेर उलटवत कसा काढायचा, हे प्रत्येकीने चारचारदा केलं, गुलाल लागायचा थांबेपर्यंत.

तिसरी चिठ्ठी मी सहज म्हणून ठेवली होती. "तुम्हाला सकाळी उठल्यावर ताप आहे, अंग दुखतंय. काय कराल?"

उत्तर अर्थातच 'ब्यूरोला कळवू' असं येईल, अशी माझी समजूत. कुणी बोलेना. मामा छताकडे बघायला लागले. मग आमच्या रात्रीच्या मावशी म्हणाल्या, "दादा, खरं सांगू का? गोळी घेऊन येऊ. खाडा झाला की सातशे जातात."

मॅडम लगेच म्हणाल्या, "आजारपणाचे मी कधी कापलेत?" भाच्याने निरागसपणे रजिस्टर पुढे केलं. गेल्या महिन्यात तापाचे चार खाडे, चारही कापलेले. मॅडमचा चेहरा पडला. पण त्यांना तरी काय बोलणार? खाड्याच्या दिवसाचे पैसे आम्हीच देत नव्हतो. माझ्या बँकेच्या हिशोबात तशी प्रत्येक कपात मी चोख करून घेतली होती.

मंडळी, माझ्या मते सगळ्या तालमीचं सार इथे आहे. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनही दुसऱ्याला लागण देऊ शकतो, त्यावर कुणाचा इलाज नाही. पण ताप आलेला असताना जी बाई सातशे रुपयांसाठी गोळी घेऊन आपल्या आईच्या उशाशी येऊन बसते, त्यावर इलाज आहे आणि तो आपल्याच हातात आहे. मास्क, सॅनिटायझर, तीन रंगांच्या याद्या हे सगळं त्या सातशे रुपयांपुढे फुकट जातं. ही गोष्ट कुठल्याही अहवालातून मला कळली नसती, कारण अहवालातल्या टेबलाभोवती मावशी बसलेल्या नव्हत्या.

चौथी चिठ्ठी घरच्यांसाठी होती. "मावशी पाच दिवस येणार नाहीत. तुम्हाला काय काय येतं?" दोन्ही घरची माणसं हात वर करून मोकळी झाली. मी तर दोह्यात! तेव्हा आई म्हणाली, "मी सांगते काय होतं ते," आणि तिने तेरा दिवस सांगितले. मला माहीत होते तेवढेच, पण तिच्या तोंडून सलग मी कधी ऐकले नव्हते. मग रात्रीच्या मावशी उठल्या, मामांना सतरंजीवर झोपवलं, एक जुनी चादर चौपदरी करून त्यांच्या खांद्यापासून मांडीपर्यंत घातली, आणि चादरीची कड धरून एका हिसक्यात त्यांना कुशीवर वळवलं. हाताला ओढणं नाही, कमरेवर ताण नाही. आईनेसुद्धा एक कड धरून पाहिली. "एवढंच होतं होय?" म्हणाली. पाच मिनिटांचं काम. 2019 साली कुणी दाखवलं असतं तर, असं मनात आलं, पण बोललो नाही.

शेवटी प्रत्येकीला एक कार्ड भरायला दिलं. राहता कुठे, येता कशा, स्वतःचा नंबर, दुसरा नंबर, घरी कोण, तुम्ही अडकलात तर मुलांना कोण बघेल. ज्यांना लिहायला जमत नव्हतं त्यांची भाच्याने भरली. आमच्या मावशींनी स्वतः लिहिलं, सावकाश. मी विचारलं, "तेव्हा मुली कुणाकडे होत्या हो?" म्हणाल्या, "बहिणीकडे. धाकटी सहा वर्षांची होती. मी गेले तर दोन दिवस जवळ येईना माझ्या." आणि कार्ड माझ्या हातात देऊन कप गोळा करायला गेल्या.

चार वर्षं उशीर झाला होता मला हे विचारायला.

आता पुढे काय झालं ते खरं खरं सांगतो, नाहीतर आमचाही 'सिग्नस' व्हायचा. रजिस्टरमध्ये रंगाचा रकाना आला. ब्यूरोचा दुसरा फोन भाच्याकडे आला. नव्या पेशंटच्या घरी पहिल्या आठवड्यात घरच्या एका माणसाला चादरीची पद्धत शिकवायचीच, असं ठरलं. आजारपणाच्या खाड्यासाठी मॅडमनी एक फंड काढला, दर घराने महिन्याला दोनशे रुपये. 26 पैकी 11 घरं देतात, बाकीची 'बघू' म्हणतात. त्यात परदेशात मुलं असलेली घरं कमी नाहीत, हे लिहिताना वाईट वाटतं.

जूनमध्ये मॅडमनी मला न विचारता दुसरी तालीम घेतली. शुक्रवारी पहाटे माझ्या मोबाईलवर मेसेज: "सराव. आज 15 जण नाहीत असे समजा. तुमचा पेशंट पिवळा. आज मावशी येणार नाहीत, फोन करतील." इथे चार वाजले होते, तिकडचे साडेसहा. मी झोपेतच आईला फोन लावला. तिने आधीच उचलून सांगितलं, "आला मला मेसेज, झोप तू." सगळ्या 26 घरांना कळवायला त्यांना पन्नास मिनिटं लागली. तीन नंबर चुकीचे निघाले, ते दुरुस्त झाले. एका लाल पेशंटच्या घराची किल्ली फक्त गावाला गेलेल्या मावशींकडे होती, आता वॉचमनकडेही आहे. या चुका जूनमधल्या एका साध्या शुक्रवारी सापडल्या, कुणाचंही काही न बिघडता.

तर मंडळी, तुमच्या ब्यूरोला एकदा हे सुचवून पाहा. दोन तास, चार चिठ्ठ्या आणि चहा पुरतो. फक्त मावशींना बोलावल्याशिवाय करू नका आणि त्यांची हजेरी भरा. आणि तेवढंही जमत नसेल तर या शुक्रवारी आईबाबांना फोन कराल तेव्हा एक मिनिट फोन मावशींकडे द्यायला सांगा. त्यांचा नंबर घ्या, घरी कोण आहे ते विचारा, आणि ताप आला तर येऊ नका, पैसे कापणार नाही, एवढं स्वतःच्या तोंडाने सांगा. आपण सांगितल्याशिवाय त्यांनी ते का धरून चालावं?

कुणी असं काही केलं असेल किंवा कुणाचा वेगळा अनुभव असेल तर जरूर लिहा. विशेषतः खाड्याच्या फंडाचं कुणाला नीट जमलं असेल तर मला हवंच आहे.

आपला,
दोह्याहून एक कोथरूडकर

ता. क. गुलालाचा प्रयोग करणार असाल तर जुने कपडे घालून बसा. माझा पांढरा शर्ट अजून गुलाबी आहे. :-)